साडेसत्तावीस इंच

— नाही, हा हॉलिसचा नाही. काल शेरीफच्या माणसाला सांगितलं तेच तुला सांगतो, ब्रेन्ना — हॉलिसच्या टायरला तिरपे दाते आहेत, माशाच्या काट्यासारखे, आणि तुझ्या या फोटोतले बघ, चौकोनी, चॉकलेटच्या वड्या मांडून ठेवल्यासारखे. टायर मीच विकलाय त्याला, मला नाही कळणार तर कुणाला? शिकाऱ्याचा असेल कुणा. हल्ली हे लोक एल्क हरणं मारायलाही सायकलवरून जातात, पाठीला धनुष्य, हातात कॉफी, एल्क लांबून बघून हसत असणार. तर — कुठे मिळाला म्हणालीस हा ठसा? जुन्या खाणीच्या रस्त्यावर. तोंडाशीच, चिखलात. हं. नाही, काही नाही, आपलं विचारलं. आत गेलेला आहे की बाहेर आलेला? — आत. बाहेर आलेला कुठे दिसला नाही? — नाही. बरं.

अगं थांब ना, लगेच कुठे निघालीस. हो की नाही एवढंच हवंय तुला, माहितीये मला, वर हॉलिसला शोधणारी माणसं वाट बघतायत, रेडिओ घेऊन उभी आहेत, सगळं माहितीये. पण माणसाला एका शब्दात उत्तर द्यायची सवय नसते पोरी, मला तर मुळीच नाही. बस त्या स्टुलावर. नको? मग उभी राहा. लहानपणी तू याच स्टुलावर बसून रडली होतीस, आठवतंय? तुझ्या सायकलच्या सीटखालच्या नळीत मी मक्याचे दाणे भरले होते, चालवलीस की खुळखुळ खुळखुळ, आणि तुझी आई महिनाभर आवाज शोधत हिंडत होती. हा माझा स्वभाव, त्याला मी काय करू. आठवीत शाळा सुटली, तेव्हापासून हाच एक अभ्यास केला. समुद्राकाठची माणसं सुट्टीला येतात ना, त्यांना मी डॉलरला एक टायर पहाडी हवा भरून देतो, साधी हवा उंचावर चालत नाही म्हणून सांगतो, आणि ती आभार मानतात. या गावात ग्रेडीनं ज्याला बनवलं नाही असा एक माणूस दाखव. हॉलिसला तर मी पस्तीस वर्षं बनवतोय. पस्तीस वर्षं, आणि तो दर सकाळी नऊला या दारातून आत येतो, काल सोडून. काल आणि आज सोडून.

रात्री किती खाली गेला पारा? — वर त्याहून कमी असणार. आणि त्याच्या अंगात ते पातळ जाकीट, पिवळं. काल सकाळी निघताना लुआन, बायको त्याची, म्हणत होती जाडं घेऊन जा, तर म्हणे दोन तासांत तर येतो. लुआनला बघितलंस आज? अजून फायर स्टेशनातच बसलीये? मी सकाळी गेलो होतो तिला खायला बरीटो घेऊन, दारापर्यंत गेलो. गर्दी होती. आलो परत.

हे बघ, हे चाक बघ — सरळ करायला घेतलंय सकाळपासून, एक आरा आवळला की दुसरीकडे वाकतं. किती इंची आहे सांग बरं? नाही सांगता येत ना? तेच तर मी म्हणतोय, लांबून कुणाला काही कळत नाही. तीस वर्षं आम्ही सव्वीस इंचाची चाकं चालवली. याच डोंगरात, याच दगडांवर, दात पडले, कोपर मोडले, पण चाकाला कुणी नावं ठेवली नाहीत. मग एक दिवस कंपनीचा माणूस येतो, गुळगुळीत दाढी, हातात रंगीत पुस्तक, आणि म्हणतो सव्वीस म्हणजे भंगार, आता एकोणतीस. का रे बाबा? तर मोठं चाक खड्ड्यात पडत नाही. बरं. सगळ्यांनी जुन्या सायकली विकल्या, एकोणतीस घेतल्या. घेऊन होत नाहीत तोवर हाच माणूस, हीच दाढी, म्हणतो एकोणतीस जरा जास्तच झालं नाही का, हे घ्या मधलं, साडेसत्तावीस. मी फूटपट्टी लावून रिम मोजली ब्रेन्ना, ते मधलंसुद्धा नाही, सव्वीसच्या कडेला चिकटून बसलंय. मधलं म्हणे. बारवाल्याकडं बिअरचा मधला ग्लास मागितलास आणि त्यानं छोट्यात बोटभर जास्त ओतून दिली तर तू काय म्हणशील? हे सगळं दुकान चालवायचं सोंग आहे, आणि मी दुकानदार आहे, मला कळतं सोंग कशाला म्हणतात.

पण हॉलिस. हॉलिसनं एकोणतीस घेतली आणि देव भेटल्यासारखा वागायला लागला. ग्रेडी, काय पळतं रे चाक. ग्रेडी, दगड लागतच नाही रे. रोज सकाळी नऊ वाजता, या इथं टेकून, माझीच कॉफी पीत. मी म्हणायचो अरे गाढवा, तुला मी डोळे बांधून दुसऱ्या सायकलवर बसवलं तर तुला कळायचंसुद्धा नाही. तो म्हणायचा ढुंगणाला कळतं, डोळे लागत नाहीत. डोळे त्याचे तसेही आता — मोतीबिंदू आहे, नोव्हेंबरात काढणार आहेत, चार हातांपलीकडचं सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसतं, तरी सायकल सोडत नाही. लुआन मला म्हणाली, तू सांग त्याला, तुझं ऐकेल. मी काय सांगितलं असेल? मी सांगितलं, हॉलिस, तू चालव, तुला झाडं दिसत नाहीत म्हणून झाडं घाबरून बाजूला होतात. तो हसला. तीसुद्धा हसली, पण जरा कमी.

आता तू म्हणशील याचा ठशाशी काय संबंध. सांगतो. शनिवारी म्हाताऱ्यांची शर्यत आहे, साठच्या वरच्यांची, तुला माहितीये, नंतर जेवण असतं फायर स्टेशनात, सगळं गाव येतं. तर मी ठरवलं की त्या जेवणात, सगळ्यांसमोर, हॉलिसनं मोठ्या चाकांवर भाषण ठोकलं की — आणि तो ठोकणारच, बिअर पोटात गेली की ठोकतोच — तेव्हा उठायचं आणि म्हणायचं, मित्रांनो, जरा याची सायकल आत आणा. आणि फूटपट्टी लावायची.

हो. — हो, बदलली. दहा दिवस झाले. ब्रेकचा आवाज येतो म्हणून ठेवून गेला होता, संध्याकाळी न्यायला आला तोवर दोन्ही चाकं साडेसत्तावीसची. जुनी रिम काळी, नवीही काळी, टायरवरची अक्षरं मी पॉलिशनं पुसली. त्याच दात्यांचा टायर या मापात मिळाला नाही, म्हणून दुसरा घातला. मला वाटलं हात फिरवील आणि कळेल. नाही कळलं. बसला, या रस्त्यावर एक चक्कर मारून आला, आणि काय म्हणाला माहितीये — ग्रेडी, तू ब्रेक काय केलास कुणास ठाऊक, आता तर आणखीच पळतंय. मी मागे जाऊन चिंध्यांच्या टोपल्यात तोंड खुपसून हसलो. दहा दिवस हसतोय. म्हणजे परवापर्यंत.

चौकोनी. चौकोनी दाते, हो. — ऐक, ऐक, रेडिओ खाली ठेव एक मिनिट, नुसतं हे सांगून चालणार नाही, ठसा त्याचा म्हटलंस तर ते म्हणतील तो तिकडे कशाला जाईल, त्याच्या वाटेच्या कागदावर तर चौदा मैल लिहिलंय. लुआननं दिलाय ना तो कागद तुम्हाला? चौदा मैलांना डावीकडे. म्हणून तुम्ही सगळे चौदाच्या पुढं शोधताय, उताराला, काल दुपारपासून. तो कागद आम्ही दोघांनी केलाय जुलैत, शर्यतीची वाट नवी आहे ना यंदा, गेल्या वर्षीच्या वणव्यात सगळं जळालं, पाट्या नाहीत, काळे खुंट नुसते, एकासारखा एक, धड डोळ्यांच्या माणसालाही तिथे वळण ओळखू येत नाही. म्हणून मैल मोजले. त्याच्या हँडलवरच्या मीटरवर. त्यानं आकडे मोठे मोठे लिहून टेप चिकटवली दांड्यावर, नाकाशी असलेलं दिसतं त्याला. तो रस्ता बघत नाही ब्रेन्ना, तो आकडा बघतो. आकडा चौदा झाला की डावीकडे वळतो.

आणि ते मीटर काय असतं, आऱ्याला एक चुंबक, चाक एकदा फिरलं की एक टिक, बस. एका टिकेला किती लांबी ते आपण त्यात भरायचं. चाक बदललं की लांबी बदलायची, पोराटोरांना माहिती असतं, मी चाळीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला ओरडून सांगतोय, नवीन टायर घातला, आकडा बदला. चुंबक मी काढून नव्या चाकाला लावला. आकडा राहिला. विसरलो. गडबडीत होतो, तो यायची वेळ झाली होती, आणि —

नाही विसरलो.

असं बघू नकोस माझ्याकडे. नाही विसरलो, मुद्दाम ठेवला. लहान चाक जास्त वेळा फिरतं, मीटरला वाटतं सायकल पळतेय. मला ते हवं होतं. अडुसष्टाव्या वर्षी गडी रोज येऊन सांगायचा, ग्रेडी, माझा वेग वाढलाय रे, तासाला जवळजवळ मैलभर, हे चाक म्हणजे काय चीज आहे. इतका खूश होता, काय सांगू. लुआनला सांगितलंन, मुलाला फोन करून सांगितलंन. ते मला शनिवारी सगळ्यांत शेवटी काढायचं होतं, तेच सगळ्यांत भारी होतं. त्या कागदाचं माझ्या डोक्यातच आलं नाही, शपथ सांगतो, तो शर्यतीच्या आधी एकटाच वाट तपासायला जाईल असं नाही आलं डोक्यात.

आण तो पेन. शंभरात सहा. मीटर शंभर दाखवतं तेव्हा खरे चौऱ्याण्णव होतात, मी आठवीतून सुटलो पण एवढं येतं, रात्रभर हेच करतोय. चौदा दाखवलं तेव्हा खरे किती — तेरा, आणि वर दोन दशांश. तेरा पूर्णांक दोनला डावीकडे काय आहे? बघ तुझ्या नकाशावर, नको बघूस, मी सांगतो — जुन्या खाणीचा रस्ता. तुझा चिखल. तुझा फोटो.

तो रस्ता सुरुवातीला चांगला आहे, रुंद, त्याला संशय यायचा नाही. दुसऱ्या वाकणानंतर खाली ओढ्याकडे उतरतो, तिथला पूल केव्हाच वाहून गेलाय, मोठमोठे धोंडे आहेत नुसते. आणि — हे मी कुणाला म्हणालो नाही पस्तीस वर्षांत आणि पुन्हा म्हणणार नाही — फरक पडतो. चाकानं फरक पडतो गं. लहान चाक दगडापुढं अडतं, जिथं मोठं चढून जातं तिथं लहान थांबतं आणि माणूस पुढे जातो. शिवाय चाकं लहान घातली की सगळी सायकल खाली बसते, पेडल दगडाला लागतं. हॉलिसला नाही कळलं. पण दगडाला कळतं. तो त्या उतारावर मोठ्या चाकाच्या भरवशानं गेला असणार, ब्रेक न लावता, पळतंय पळतंय म्हणत.

दुसऱ्या वाकणाच्या खाली बघायला सांग. डावीकडे, ओढ्यात. पिवळं जाकीट. हाका मारा म्हणावं, उजव्या कानानं ऐकू येतं त्याला, डावा गेलाय. — हो, दाब बटण, सांग त्यांना. सगळं सांग. माझं नाव सांग.

— सांगितलंस? निघाले? किती वेळ लागेल? — चाळीस मिनिटं. बरं.

कधीपासून माहिती होतं? मी सांगितलं ना, फोटो बघितला आणि — नाही. काल. काल चार वाजता, शेरीफचा माणूस तिथंच उभा होता तू आहेस तिथं, वही काढून, टायर कसला विचारत होता, आणि माझ्या तोंडातून तिरपे दाते निघून गेलं. बोलता बोलताच मला कळलं. तो लिहून घेत होता तेव्हाच कळलं. मला वाटलं येईल हॉलिस, अंधार पडायच्या आत ढकलत ढकलत येईल सायकल, आणि मग शनिवारी — तो माणूस वही मिटून गेला. मी या खिडकीतून त्याच्या गाडीचे दिवे वळेपर्यंत बघत होतो.

नाही, मी नाही येत वर. मी जाऊन काय करू. तू जा. तो बोलत असला तर आधी सायकलचं विचारेल, धड आहे म्हण. चाकांचं काही सांगू नका त्याला, ते मी सांगेन. जा ना आता. काय बघतेस — जा.