हेमंतची शाब्ली

मेधा, आई, आणि वेरिबीच्या या हॉलमध्ये जमलेले सगळे. कुणी शिफ्ट बदलून आलात, कुणी पार शहराच्या दुसऱ्या टोकाहून, क्लेटनहून, मुलांना घेऊन आलात. बरं वाटलं. मला खरं तर बोलायचं नव्हतं. मेधा म्हणाली, "प्रशांत, तू हेमंतचा सगळ्यात जुना मित्र, तूच बोल. नवऱ्याबद्दल असं उभं राहून बोलणं मला जमणार नाही." मलाही जमेल असं वाटत नाही. गेले कित्येक महिने घर, ऑफिस, हॉस्पिटल, परत घर. दमलोय हो. रडायलासुद्धा अंगात जोर उरलेला नाही. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आणि आज मी वाइनबद्दल बोलणार आहे. हो, वाइनबद्दल. फोटोला हार घातलाय, समोर त्याची आई बसलीय, आणि मी वाइनबद्दल बोलणार आहे. कुणाला खटकलं तर खटकू दे.

कारण परवा आईंनीच मला विचारलं. गॅरेजच्या खिडकीत रिकाम्या बाटल्या ओळीने लावलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "प्रशांत, खरं सांग. माझा मुलगा दारूने गेला का रे?"

मी म्हटलं, नाही हो आई. त्यांना पटलं नाही. पटणार कसं? त्यांच्या कानावर काहीबाही घालणारी माणसं आपल्यातलीच आहेत. नावं घेत नाही.

आजार रक्ताचा होता. मी स्वतः डॉक्टरांना विचारलं, त्यांनी दारूचा काही संबंध नाही असं स्वच्छ सांगितलं. पण आईंना नुसतं आजाराचं कारण नको होतं. आपला मुलगा इतक्या लांब परदेशात येऊन कसा जगला, ते त्या विचारत होत्या. तर आई, ऐका.

महिन्यातून एका रविवारी दुपारी आम्ही पाच-सहा मित्र त्याच्याकडे जमायचो. सगळ्यांत मिळून बाटली एक. पांढरी वाइन, फ्रान्सची. शाब्ली हे तिथल्या गावाचं नाव, तेच वाइनचं. रिकामी बाटली तो धुऊन खिडकीत ठेवायचा. तुम्हाला दिसल्या त्या सगळ्या आमच्या रविवारच्या दुपारी आहेत, आई. वर्षानुवर्षांच्या.

पहिल्या दुपारी आम्ही काय केलं माहितीय? बाटली फ्रीजमधून काढली, गारेगार ओतली, आणि सोबत मिरचीची भजी. मी एक घोट घेतला आणि म्हटलं, "हेमंत, ही नासलीय." दुसऱ्याने तर ग्लासात ॲपल ज्यूसच ओतला. हेमंतने कपाळावर हात मारून घेतला. म्हणाला, "अरे बाबांनो, ही ड्राय आहे. द्राक्षातली साखर आंबताना संपून गेली, उरली नाही. गोड नाही म्हणजे नासली का?" मग त्याने भज्यांची ताटली उचलली. "तिखटाने जीभ भाजून घेतल्यावर काय कळणार तुम्हाला? आणि ग्लास जरा बाहेर राहू देत. फार गार असली की ही बोलत नाही."

आत गेला आणि तिसऱ्यांच्या शिंपल्या घेऊन आला. मालवणचा माणूस. नुसत्या उकडलेल्या, वर चिमूटभर ओलं खोबरं. "आता घ्या," म्हणाला.

आणि मग दरवेळी एकच प्रश्न. काय लागतं? आम्ही फोनवर वाचून सांगायचो, लिंबू, हिरवं सफरचंद, गारगोटी. तो भडकायचा. "गारगोटी चाटलीयस कधी? दुसऱ्याच्या तोंडातलं सांगू नकोस. तुझ्या तोंडात काय आहे ते सांग." माझ्या तोंडात एकच असायचं. आंबट. दरवेळी आंबट. तो हसायचा, "नो वरीज मेट, पुढच्या महिन्यात." आणि स्वतःचा तो एवढासा ग्लास अख्खी दुपार पुरवायचा.

मग आजार आला. औषधांनी त्याची चव गेली. भात पत्र्यासारखा लागायचा, पाणी पत्र्यासारखं लागायचं. चहा तर त्याने सोडूनच दिला. आई, तुम्ही तेव्हा यायच्या होतात अजून. एका दुपारी त्याचा फोन. "शाब्ली घेऊन ये. मला बंद आहे, मी पिणार नाहीये. तू पी आणि मला सांग."

बॅकयार्डमध्ये बसला होता. कानटोपी, मांडीवर ब्लँकेट. मी ग्लास भरला. थोडा वेळ राहू दिला. तो म्हणाला, "आंबट म्हणालास तर सरळ घरी जा."

मी घोट घेतला. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. असा बघत होता की खोटं बोलायची सोयच नव्हती. मी दुसरा घोट घेतला. आणि म्हटलं, "हेमंत, पाटीवरची पेन्सिल."

"काय?"

"लहानपणी खायचो ना आपण चोरून? घरचे ओरडायचे तरी खायचो. ती दाताखाली चुरली की कशी लागायची, थंड, दगडासारखी? घोट गेल्यावर मागे तेच उरतंय. आणि त्याच्या आधी कैरी. कच्ची, मीठ लावलेली. आणि तुझ्या त्या तिसऱ्या उकडल्यावर भांड्याच्या तळाशी राहतं ना पाणी, ते."

त्याने मान डोलावली. मग म्हणाला, "बरोबर. तिथली जमीनच शिंपल्यांची आहे रे. फार जुना समुद्र होता तिथे." डोळे भरले होते त्याचे. म्हणाला, "पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. परत म्हणाला, "पुन्हा." परत सांगितलं. ऊन कुंपणापलीकडे जाईपर्यंत मी घोट घेत होतो आणि सांगत होतो, आणि हा माणूस नुसता ऐकत होता. एक थेंब त्याने तोंडाला लावला नाही. त्याच्या जिभेवर काही आलं असेल का? मला माहीत नाही. मला येत होतं तेवढं मी दिलं.

आई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. तुमचा मुलगा दारूने नाही गेला. तो पूर्ण शुद्धीत होता, तुमच्यामाझ्यापेक्षा जास्त. चव गेली तरी दुसऱ्याला विचारून विचारून चाखत होता. त्याला अजून खूप जगायचं होतं, आणि ते राहिलं. दुःख करायचं तर त्याचं करू. लाज वाटावी असं त्याने काहीही केलेलं नाही.

आता आपण उभे राहू या आणि थोडा वेळ काही न बोलता हेमंतला आठवू या. घड्याळ बघू नका, हॉल संध्याकाळपर्यंत आपलाच आहे.

आई, तुम्हीही उठा. मान वर करून. माझा हात धरा.