सूज आहे कुठे?

नाही, पण मला एक सांगा, सूज आहे म्हणायचं आणि कुठे ते सांगायचं नाही, ही काय पद्धत झाली? उभा जन्म शिंपीकामात गेला माझा! माणूस दारातून आत आला की नजरेनं त्याची कंबर सांगणारा मी, आणि मलाच ती डॉक्टरीणबाई म्हणते, "काका, तुमच्या अंगात सूज आहे." म्हटलं, कुठे? तर म्हणे, "सगळीकडे. थोडी थोडी." अहो, सगळीकडे थोडी थोडी... ही सूज आहे की धूळ?

तुम्हाला सांगतो, गेलो होतो मी बोटांसाठी. सकाळी उठलं की बोटं अशी आखडलेली, कात्री धरवेना. आणि मुलगा टपलेलाच! "बाबा, आता होत नाही ना तुमच्यानं? मशीन काढून टाकू, तिथे सोफा येईल." सोफा! माझ्या मशीनच्या जागी!

घरी आलो, टेप काढली, एकेक माप घेतलं. दंड तोच, मनगट तेच, मांडी तीच, कंबर... ते जाऊ द्या. मग सूज आहे कुठे? तेवढ्यात बायको आत. "अहो, हे काय चाललंय?" म्हटलं, सूज शोधतोय. "आधी रोखलेला श्वास सोडा, मग सापडेल!"

तसाच परत गेलो, टेप गळ्यातच. बाई, सूज आहे कुठे? हसली. "काका, ही टेपनं नाही, रक्तात दिसते. वय वाढलं की शरीर आतल्या आत धुमसत राहतं. रोज चाला, स्नायू हलले की ते शांत व्हायला मदत होते." म्हटलं, जन्मभर पायानं मशीन चालवलं, ते काय हलणं नव्हे? "बसून!" म्हणाली. घ्या! पण नवल वाटलं हो मला. चालायचं पायांनी आणि सुटायचं बोटांनी? कापड इथे ओढलं की चुणी तिकडे जाते, हे ठाऊक होतं, माणसाचंही तसंच?

म्हटलं, बघू तरी. निघालो बागेत. तिथे पोस्टातून निवृत्त झालेले मास्तर, शाळेतल्या बाई, सगळे आमच्याच वयाचे, सगळ्यांना सूज, आणि एकालाही सांगता येईना, सूज आहे कुठे! चाललो बापडे रोज. काही महिन्यांनी एका सकाळी सहज कात्री उचलली... आणि कापड सरळ कापलं गेलं! डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू? रक्तातली सूजही उतरली म्हणे. मुलगा सोफ्याचं नाव काढेना.

आणि मग आले मास्तर, एका हातानं पँट धरून! "शिंपीदादा, चालून चालून सैल झाली हो, जरा कंबर आत घ्या." मग शाळेतल्या बाई. मग अख्खी बाग! नाही कसं म्हणणार? सकाळी उठलो की मशीनवर... बसून!

काल बोटं पुन्हा आखडली. डॉक्टरीणबाई म्हणते, "काका, चालणं थांबवलं की सूज परत येते. थांबवलंत का?" म्हटलं, बाई, वेळ आहे कुठे? पण एक मात्र कळलं. एवढे दिवस विचारत होतो ना, सूज आहे कुठे? सगळ्या बागेची उतरलीय, आणि गठ्ठा बांधून माझ्याकडे आणून टाकलीय!