सुमन हरवली नव्हती

आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, कधी कुणाला विचारून काही केलं असेल तर गुंजवण्यात मला तो माणूस दाखवा. त्यांची लेक सुमन एकोणीस वर्षांची. आबा नको म्हणत असताना ती नर्सिंग शिकायला भोरला निघून गेली. आबांनी मला सोबत घेतलं आणि वेल्ह्याला पोलिसांत मुलगी हरवल्याची तक्रार दिली.

पोलिसांचा फोन गेल्यावर सुमन दुसऱ्या दिवशी एसटीनं एकटीच आली. आमच्यादेखत हवालदारांना शांतपणे म्हणाली, "सायेब, मी हरवली न्हाई. माझ्या मर्जीनं गेलीय. तसं लिहून घ्या, म्हंजी आबास्नी घोर नको."

हवालदारांनी लिहून घेतलं आणि आबांना म्हणाले, "मुलगी सज्ञान आहे. कुठं राहायचं ते तीच ठरवणार."

आता आबा भडकणार म्हणून मी त्यांचा हात धरून ठेवला. पण त्यांनी हवालदारांना विचारलं, "आन् मला तिला भेटायचं आसंल तर?"

"तर तिला विचारा."

आबा सुमनकडं वळले आणि हळूच म्हणाले, "आयतवारी यिऊ का गं?"

मी त्यांचा हात सोडून दिला.