तीन कशातले?

माहं गाव बुलढाणा जिल्ह्याच्या पार टोकाले, सातपुड्याच्या पायथ्याशी, नागपूरहून यष्टीनं निघालं तं अख्खा दिवस त्याच्यातच जाते. आमी सुतार. बाबा बैलगाडीचे चाकं करत. मी सहावीत होतो तवा बाबाच्या डोळ्यात मोतीबिंदू आला, करवत चालवता ये पण पेन्सिलीची रेघ दिसेना, मंग रेघ पाहाले कोणी पाहिजे म्हणून मले शाळेतून काढलं. मास्तर घरी आले, म्हणे पोरगं हुशार आहे, आत्ताच अपूर्णांक सुरू होऊन राहिले, एवढं वर्ष तरी होऊ द्या. बाबा म्हणे, मास्तर, रेघ कोण पाहीन? मास्तर चपला घालून निघून गेले. तवापासून अपूर्णांक राहिला तो राहिलाच.

पुढं गावात बैलगाड्या कमी झाल्या, मी नागपूरले आलो, जरीपटक्यात फर्निचरच्या कारखान्यात लागलो, त्याले सतरा वर्षं झाले. बायको, पोरगी अन् माय गावीच. वर्षातून दोनदा जाणं, पोरगी दारात उभी राहून पाहुणा आल्यावानी पाहे. मागच्या साली बायकोचा फोन आला, आपल्या तालुक्याच्या गावी सुतारकाम शिकवाचं केंद्र निघून राहिलं, शिकवणारा पाहिजे म्हणते. मी जाऊन आलो. तिथल्या साहेबानं माहं काम पाह्यलं, म्हणे हात चांगला आहे, पण दहावी पास लागते, पुढच्या जूनपर्यंत वाट पाहतो. काय सांगू तुमाले, बेचाळीसाव्या वर्षी दहावी. शाळेत न जाता बाहेरून बसाचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. बाकी विषयाचं एवढं नाही, पण गणिताचं पुस्तक उघडलं का मी लगेच मिटून ठेवो. घरी जाणं आता त्या एका पेपरावर अडलं होतं.

आता योग कसा पाहा. नागपुरातच नंदनवनात एका घरी, कारखाना सुटल्यावर कराचं, कपाट बसवाचं काम निघालं. त्या घरची पोरगी ऋतुजाताई, माह्याहून कितीतरी लहान, पण मी ताईच म्हणतो. त्या तिथंच बसून लॅपटॉपवर गणिताचे पाठ तयार करत, ज्याइची शाळा सुटली अन् आता दहावीले बसाचं आहे अशा मोठ्या माणसाइसाठी. मी लाकूड घासू घासू ऐको. तिसऱ्या दिवशी हिंमत करून विचारलं, ताई, हे फोनवर येते का? त्यायनं उघडून देलं, म्हणे दादा, अजून पक्कं नाही झालं, कुठं अडलं ते सांगजा.

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत डबा खाल्ला का मी प्लायच्या थप्पीमागं जाऊन बसो. पहिले पाठ बरे गेले. पण उत्तर बरोबर आलं का एक ससा टाळ्या वाजवे अन् म्हणे शाब्बास बाळा. बेचाळीस वर्षाच्या माणसाले बाळा. अन् चुकलं का असा भोंगा वाजे का सारे मान वर करत. आमचा रमेश रोज विचारे, काय गा देवीदास, ससा पावला का आज?

मंग आला अपूर्णांक. पाव इंच अन् इंचाचा आठवा भाग, मिळून किती? म्हटलं हे तं आपलं रोजचं. आमी इंचाचे बारके भाग सुतात मोजतो, पाव इंच म्हणजे दोन सूत, आठवा भाग म्हणजे एक सूत, झाले तीन. मी तीन दाबलं. भोंगा. पुन्हा तीन. भोंगा. प्लायवर टेप लावून पाह्यला, तीनच भरे. तिसऱ्यांदा भोंगा वाजला अन् फोननं मले पार पहिल्या पाठावर नेऊन बसवलं. मले वाटलं, जे हाताले इतके वर्षं बरोबर येऊन राहिलं तेच हा चूक म्हणते, तं आपल्या डोक्यात हे बसतच नाही. फोन ठेवून देला. ताईले सांगतलं टाईम नाही भेटत. नंदनवनात मान खाली घालून काम करो, हात कपाटावर अन् डोकं गावाकडं.

आठवड्यानं ताई लॅपटॉप घेऊन माह्यासमोर फरशीवरच बसल्या. त्याइले त्याच्यावर दिसे फोनवर कोणी काय दाबलं ते.

दादा, तीनदा तीनच काहून दाबलं?

चुकलं ताई, मले नाही जमत हे.

ते नाही विचारलं मी. तीन आणले कुठून?

मी कानावरची पेन्सिल काढली, प्लायवर दोन सूत मांडले, त्याच्यापुढं एक. त्या वाकून पाहत राहिल्या.

एका इंचात सूत किती?

आठ.

मंग हे तीन कशातले?

आठातले.

मंग चुकलं कुठं, दादा? आठ खाली लिहाचे राहिले फक्त. अन् तुमाले ते विचारलंच नाही, ती चूक माही.

माह्या डोळ्याले पाणी आलं, मी भुसा गेला म्हटलं. तेव्हाच सांगून टाकलं, रेघेचं, मास्तराचं, सारं.

मंग त्यायनं तो पाठच मोडला. ससा गेला, भोंगा गेला, पडद्यावर टेप आला, अन् चुकलं तं फोन नुसता विचारे, तीन कशातले? पुढचा एकेक पाठ मले आधी दाखवत. पाठ कसा वाटला विचारलं का मी भीतीनं चांगलाच म्हणो, म्हणून मंग त्यायनं विचारणं सोडलं, माहा अंगठा कुठं थांबते तेवढं पाहत अन् तिथं पाठ बदलत.

परीक्षेच्या दिवशी वर्गावरच्या मॅडमले वाटलं मी बाकं दुरुस्त कराले आलो. माहं बाक डुगडुगत होतं, खरंच कराचं मनात आलं. पेपर हातात आला अन् मी आपला मनात विचारत गेलो, हे कशातले, ते कशातले.

पास झालो. लय मार्क नाही, पण पास. गावी फोन केला तं माय हुंदके देऊन राहिली, अन् मंग मागून पोरीचा आवाज, बाबा, आता रोज घरी?

पुढच्या महिन्यात चाललो. काल नंदनवनात जाऊन आलो, एक काम राहिलं होतं. त्या मान खालच्या आठवड्यात मी कपाटाच्या दाराचा एक पल्ला आखूड कापला होता, कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, पण मले ती फट गावी गेल्यावरही दिसली असती. पट्टी लावून बुजवली अन् ताईले सांगतलं, ताई, दोन सूत चुकलो होतो.

त्या हसल्या. दोन कशातले, दादा?

आठातले, ताई.

देव त्या पोरीचं भलं करो.