सात नंबरचा ग्लास

हॅलो? मावशी? … दवाखान्यातच आहेस ना? … मग त्या गाईला म्हणावं, दोन मिनिटं थांब बाई! अगं, तीन नंबर हिरवा झालाय! … तीन नंबरचा ग्लास! विज्ञान प्रदर्शनासाठीची माझी अंडी! … सांगणार होते गं, पण तुला चकित करायचं होतं… हो, हो… अगं ऐक ना! पिल्लू कवचाबाहेर वाढवायचं. ग्लासात पातळ प्लास्टिक झोळीसारखं टांगायचं, त्यात अंडं फोडायचं, आणि थर्माकोलच्या खोक्यात बल्बखाली ठेवायचं. सगळं दिसतं! … व्हिडिओत. दोन मिनिटांच्या…

ओरडू नकोस ना! … बारा ठेवली होती. आज बारावा दिवस. … जिवंत? अं… एक. सात नंबर. … मला वाटलं, बाकीची झोपलीत!

वास? नाक फाटतंय! … हात धुतले की. … म्हणजे, नंतर. … झाकण? दिवसातून दहादा तरी. अगं, अख्ख्या वर्गाला दाखवायचं होतं! शेजारच्या आजीसुद्धा चष्मा पुसून पुसून बघून गेल्या. … स्वयंपाकघरात, ओट्यावर. … काय?! त्या जंतूंनी माणसांनाही होतं? ताप, जुलाब? मावशी, आई तिथेच काकडी चिरतेय!

आई! सुरी ठेव! काकडी फेक! … मावशी सांगतेय! साबणाने हात धू, ओटा धू, मग मला बडव!

… हां, बोल. … कॅल्शियम? नाही घातलं. कशाला? … हाडं कवचातून? आत बसल्या बसल्या कवचातून घेतं ते? … अगं, मला वाटलं कवच म्हणजे नुसता डबा! … टरफलं? आईच्या गुलाबाच्या कुंडीत. चुरा करून. … हो… झाडाला कॅल्शियम मिळतं म्हणाली. मावशी, मीच नेऊन दिली गं. स्वतःच्या हाताने.

मग आत्ता घालू? तू पावडर आण ना! … उशीर? … म्हणजे सात नंबर बाहेर येणारच नाही? पण हलतोय तो! हा बघ, आत्ता पाय झटकला! डोळा केवढा आहे माहितीये, काळाभोर…

प्रदर्शन उद्या आहे. पोस्टर रंगवलंय मी, ‘कवच हवंच कशाला?’ हातभर अक्षरांत. … फक्त उद्या संध्याकाळपर्यंत ठेवलं तर? … तेराव्या दिवसापासून? … दुखतं? … ‘बहुतेक’ म्हणजे काय? … म्हणजे नक्की कुणालाच माहीत नाही. … आणि आज? … म्हणजे दुखायच्या आत, आजच संपवायचं त्याला?

…

रडत नाहीये. वास आहे म्हणून डोळ्यांत पाणी.

सरांना सांगेन ना. सगळं. … पोस्टर तेच नेते. प्रश्न वर आहेच, खाली उत्तर लिहिते. पिल्लू नाही नेणार. … हो, ग्लासही नाही.

तू कधी येतेस? … मावशी, तू करशील ना? मला नाही जमणार. पण मी तिथेच उभी राहीन. … नाही, राहणारच. मीच काढलं ना त्याला बाहेर.

… बल्ब? चालू आहे. तू येईपर्यंत चालूच ठेवते, ऊब राहू दे त्याला. … नाही, झाकण नाही उघडत.

… आता अजिबात नाही. … हं. ठेवते.