ठमीला आधी सांगा

डॉक्टर : म्हणजे आजही हिनं खाल्लंय.

सून : शक्यच नाही. रात्री मी स्वतः हिची वाटी धुऊन पालथी घातली. स्वयंपाकघराला कडी लावली, मगच झोपले.

डॉक्टर : ताई, इथे हात लावून बघा. उपाशी मांजराचं पोट असं टम्म नसतं. आणि मिशांना दूध लागलंय.

सून : कमाल आहे. मागच्या वेळी वाटलं, शेजारच्यांनी घातलं असेल. आई, बाबांनी तर नाही ना दिलं?

सासू : त्यांना दुधाचं पातेलं कुठे असतं ते तरी ठाऊक आहे का?

डॉक्टर : कोणी दिलं ते सोडा. भरल्या पोटी भूल दिली की पोटातलं वर येतं, श्वासनळीत जातं आणि मांजर दगावतं. मागच्या वेळी हेच सांगून परत पाठवलं होतं तुम्हाला.

सून : मग आता पुढच्या आठवड्यात?

डॉक्टर : पुढच्या आठवड्याचे नंबर केव्हाच भरले. देणग्यांवर चालतो हा दवाखाना, म्हणून तर नसबंदी एवढ्या स्वस्तात होते. बाहेर पिंजरे, टोपल्या घेऊन किती जण बसलेत बघितलंत ना? दोनदा नंबर वाया घालवला की रांगेत पार मागे.

सून : तोवर ही पुन्हा गाभण राहील हो. घरमालकांनी निक्षून सांगितलंय, आणखी एकदा पिल्लं झाली तर पिल्लांबरोबर मांजरही बाहेर. खासगी दवाखान्यात विचारलं, तर आकडा ऐकून ह्यांनी फोनच ठेवला. आई, तुम्हीच सांगा आता काय करायचं. ठमी गेली तर दुपारभर बोलणार कोणाशी तुम्ही?

सासू : तुझा फोन वाजतोय.

(सून फोन घेऊन बाहेर जाते.)

डॉक्टर : आजी, दूध तुम्ही दिलंत.

सासू : कशावरून?

डॉक्टर : मी बोलत होते आणि तुम्ही हळूच तिच्या मिशा पुसत होतात.

सासू : डोळे तीक्ष्ण आहेत तुमचे. दिलं मीच. मागच्या वेळी दया आली म्हणून. एवढंसं तोंड करून पायात घुटमळत होती. आज मात्र पहाटे उठून मुद्दाम दिलं.

डॉक्टर : जिवावर बेतलं असतं तिच्या.

सासू : कसं बेतेल? तुम्ही पोट चाचपल्याशिवाय सुई हातात घेत नाही, ते बघून ठेवलं होतं. वाटीभर दुधात दोन घरांचं भांडण पुढे ढकललं जातं, तर काय वाईट?

डॉक्टर : कुठली दोन घरं?

सासू : एक घरमालकाचं. आणि एक ह्या ठमीचं. हिचंही काही म्हणणं असेल की नाही? मुलगा म्हणतो करा, सून म्हणते करा, घरमालक म्हणतो करा. हिला कोणी विचारलंय?

डॉक्टर : मांजराला कसं विचारणार, आजी?

सासू : मला बोलता येत होतं. मला तरी कुठे विचारलं?

डॉक्टर : म्हणजे?

सासू : धाकट्याच्या बाळंतपणाला मी आत गेले. बाहेर सासूबाई आणि हे. दोन मुलगे झाले, आता बस्स, असं त्यांचं ठरलं. सही ह्यांनी केली. मला वाटत होतं, टाके बाळंतपणाचे. ते काढायला गेले तेव्हा नर्स म्हणाली, सुटलात बाई एकदाच्या. मी विचारलं, कशातून?

डॉक्टर : घरी काही बोलला नाहीत?

सासू : काय बोलणार? झालं ते झालं. मला मुलगी हवी होती. नाव ठरवून ठेवलं होतं. सुनेलाही ठाऊक नाही हे. आणि तुम्हाला का सांगतेय, तेही मला कळत नाही.

डॉक्टर : हिची मागची पिल्लं कुठे आहेत?

सासू : बोक्यानं मारली. मीच पुरली, मागच्या नळापाशी. ही कितीतरी दिवस तिथली माती हुंगत बसायची. तेही बघवत नाही आणि हेही बघवत नाही. म्हणून दूध.

डॉक्टर : मग मी तुम्हाला विचारते. करू की नको?

सासू : मला विचारता?

डॉक्टर : तिला बोलता येत नाही. ती रात्री कोणाच्या पायथ्याशी झोपते?

सासू : माझ्या.

डॉक्टर : मग तुम्हालाच विचारायला हवं. तुम्ही नको म्हणालात तर टोपलीचं झाकण लावते आणि सुनेला मी समजावते. करा म्हणालात तर आज सगळ्यात शेवटी घेते. दूध पहाटेचं आहे, संध्याकाळपर्यंत पोट रिकामं होईल. मधे एक थेंबसुद्धा द्यायचा नाही.

सासू : दुखेल तिला?

डॉक्टर : भुलीत नाही. रात्री दुखेल. औषध देईन. दोन दिवस रुसून बसेल.

सासू : रुसू दे. तेवढा हक्क आहे तिचा. करा तुम्ही.

डॉक्टर : नक्की?

सासू : नक्की. पण शुद्धीवर येईल तेव्हा मला तिथे बसू द्याल? मी डोळे उघडले तेव्हा खाटेजवळ कोणी नव्हतं. सगळे पाळण्यापाशी.

डॉक्टर : बसा. गर्दी करू देत नाही मी आत, पण तुम्ही बसा.

(सून परत येते.)

सून : आई, ऑफिसचा फोन होता. चला, घरी जाऊ. पुढचं पुढे बघू.

डॉक्टर : ताई, संध्याकाळी होईल ऑपरेशन. आजी थांबतायत.

सून : दिवसभर? त्या बाकावर? आई, कंबर धरेल तुमची.

सासू : धरू दे. आणि दूध मी दिलं होतं गं. मागच्या वेळीही.

सून : तुम्ही? अहो, मी तीन दिवस शेजारणीशी बोलले नाही.

सासू : आता बोल. माझं नाव सांग.

सून : पण का दिलंत?

सासू : घरी गेल्यावर सांगेन. सगळं सांगेन. तुझ्या सासऱ्यांसमोर नको.

सून : बरं. मग मी ऑफिसला कळवते. थांबते मीही.

सासू : डॉक्टर, आणखी एक. सुई टोचण्याआधी तिला सांगा.

डॉक्टर : काय सांगू?

सासू : काय करणार ते.

सून : आई, तिला काय कळणार?

सासू : नाही कळणार. तरी सांगा.

डॉक्टर : आत्ताच सांगते, म्हणजे तुम्हालाही ऐकू येईल. ठमे, इकडे बघ. आज संध्याकाळी तुला झोपवणार आहे. पोटावर बोटभर काप घेणार, पिशवी काढणार, टाके घालणार. यापुढे तुला पिल्लं होणार नाहीत. जागी झालीस की गरगरेल, घाबरू नकोस. समोर ह्या आजी बसलेल्या असतील.