इंचाला सात पीळ

— हसा, हसा खुशाल साहेब, सगळेच हसतात! विमानाच्या इंजिनाला तारा बायकोनं बांधल्या म्हटल्यावर — पण कीर्तीच्या पप्पांची बोटं बघितलीत का तुमी? बोईसरला कारखान्यात फिटर, बोटं ही अशी, रताळी! तार एकतर तुटायची नायतर ढिली राहायची. मी पालघरजवळच्या माहीमची, लहानपणापासून तिथल्या बाजारासाठी मोगऱ्याचे गजरे वळलेली — म्हटलं, द्या इकडं. शाळा सातवीपर्यंत, पण हाताला अक्कल हाय! इंचाला सात पीळ, मोजा पाहिजे तर. बोल्टाच्या डोक्यात भोक, भोकातून तार, पीळ देत देत शेजारच्या बोल्टाला — आणि ओढ कुठल्या बाजूला? आवळायच्या! म्हंजे इंजिन थरथरून एक सुटायला लागला की दुसरा त्याला धरून ठेवतो. नवरा-बायकोसारखं — अहो, खरंच! शेवटी शेपूट आत दुमडायचं, नायतर हात फाडतं.

तीन वर्षं झाली, वाडीत ह्या शेडमधे विमान बनतंय. सासूबाई त्याला माझी सवत म्हणतात! आणि आता तुमी तपासून सही दिलीत की रविवारी उडणार. हे एकटेच. कीर्ती गावभर सांगत सुटलीय, पप्पा ढगातून चिकू टाकणार म्हणून — मीपण हसते, आठवडाभर हसतेच हाय, हसू थांबत नाय, घास मात्र उतरत नाय.

काय? ‘छान’? झालं बघून? सगळं? खालच्या बाजूचंपण? बॅटरी धरू का? — नको? अहो, वाकून तरी बघा! मला वाटलेलं, मोठे साहेब, तुमच्या नजरेतून काय सुटायचं नाय — पेन कशाला काढताय? थांबा! थांबा म्हणते ना!

खाली. तेल सोडायच्या जागेजवळ, डावीकडून तिसरा बोल्ट. हां. तार कुठं ओढतेय बघा — सुटायच्या बाजूला. चुकून नाय हो. मीच. म्हटलं, साहेब पकडतील, सही देणार नाय, रविवार टळेल, तेवढाच एक रविवार — आणि तुमी तर ‘छान’ म्हणालात!

असं बघू नका माझ्याकडं. ती पक्कड द्या. ह्यांना सांगू नका — नाय, मीच सांगते. आधी ही तोडते, नवी घालते, सही मग. आणि तुमी जा बघू बाहेर, चिकूखाली बसा. पीळ मोजताना कोणी बडबड केलेली मला खपत नाय.